टपाला भोक पाडण्याआधी

डिसेंबरात पुण्याहून सोलापूरला भल्या सकाळी निघालं की सूर्य थेट रस्त्याच्या टोकाला उगवतो. मे महिन्यात संध्याकाळी सोलापूरहून पुण्याकडे परतताना तोच सूर्य पुन्हा समोर, रस्त्याच्या टोकालाच मावळतो. या दोन शहरांना जोडणारी रेघ नकाशावर आग्नेय-वायव्य कलती आहे, आणि आपल्या अक्षांशावर हिवाळ्यातला सूर्योदय आणि उन्हाळ्यातला सूर्यास्त जवळपास याच रेघेवर होतो. भाजीचे क्रेट किंवा दुधाचे कॅन घेऊन या रस्त्याने रोज जाणाऱ्या पिकअपवाल्याला हे नकाशा न पाहताही ठाऊक असतं. काचेच्या वर, बाहेरच्या बाजूला एखादा छज्जा असावा असं त्याला वाटलं तर त्यात काहीच वावगं नाही. वावगं घडतं ते तो बसवताना. टपाच्या पुढच्या कडेला ड्रिल मारायचं, चार-सहा सेल्फ स्क्रू किंवा रिपीट ठोकायचे, वरून सिलिकॉन फासायचं आणि गाडी बाहेर काढायची, ही पद्धत सर्रास चालते. काम अर्ध्या तासाचं असतं आणि त्याने होणारं नुकसान गाडी भंगारात जाईपर्यंत चालू राहतं. व्हायझर जरूर बसवा, पण जुन्या गाडीच्या टपाला भोक पाडून बसवू नका, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. ते का, हे जरा खोलात जाऊन मांडतो, कारण नुसतं ‘नको’ म्हटल्याने गॅरेजमध्ये कुणी ऐकत नाही.

आधी व्हायझरकडून नेमकं काय मिळतं ते नीट समजून घेऊ, म्हणजे त्यासाठी किती किंमत मोजायची ते ठरवता येईल. चालकाच्या डोळ्यापासून काचेची वरची कड साधारण दोन-सव्वादोन फूट पुढे आणि आठ-नऊ इंच वर असते. म्हणजे सूर्य क्षितिजापासून १८ अंशांच्या खाली आला की तो टपाच्या आडून निघून काचेत दिसू लागतो. आठ इंच पुढे आलेला आणि किंचित खाली झुकलेला व्हायझर बसवला तर हा आकडा १२-१३ अंशांवर येतो. मे महिन्यातल्या संध्याकाळी आपल्याकडे सूर्य तासाला साधारण १३ अंश खाली सरकतो. हिशोब केला तर व्हायझरमुळे डोळ्यांना मिळते ती जवळपास अर्ध्या तासाची सवलत. सूर्य त्याच्याही खाली उतरला, अगदी शेवटच्या पाऊण-एक तासात, की बाहेरचा व्हायझर कितीही चांगला असो, त्याचा उपयोग संपतो. तेव्हा कामाला येतो तो आतला, हाताने खाली ओढायचा व्हायझर, चांगला गॉगल आणि स्वच्छ पुसलेली काच. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘मावळतीचा त्रास जाईल’ या आशेने लोक व्हायझर आणखी खाली, आणखी पुढे ओढत जातात. त्यामुळे ऊन काही थांबत नाही, वारा मात्र जास्त भरतो.

दुसरा फायदा दुपारचा. उन्हाळ्यात डॅशबोर्ड तापतो आणि एसी नसलेल्या जुन्या केबिनमध्ये मांडीवर ऊन येतं, ते व्हायझर अडवतो. इथे मात्र काच किती उभी आहे यावर सगळं अवलंबून असतं. सूर्य ६० अंशांवर असताना अगदी सरळ उभ्या काचेवर आठ इंचांचा व्हायझर जवळपास चौदा इंच सावली पाडतो. तीच काच ३० अंश मागे कललेली असेल तर सावली उभ्या मापाने सात इंचांवर येते, म्हणजे बरोबर निम्मी. जितकी गाडी नवी आणि काच तिरकी, तितका व्हायझर शोभेचा. जुन्या, उभट काचेच्या गाड्यांवर तो शोभतोही आणि कामही करतो. अमेरिकेत बाहेरच्या व्हायझरची चलती झाली ती अशाच गाड्यांवर. १९४७ मध्ये शेवरलेने ‘ॲडव्हान्स डिझाइन’ नावाने पिकअपची नवी मालिका आणली आणि ती १९५५ पर्यंत चालली. तिची समोरची काच १९५३ पर्यंत दोन तुकड्यांची होती आणि मध्ये उभी पट्टी असे. मिलवॉकीच्या फुल्टन कंपनीचे पत्र्याचे व्हायझर या गाड्यांवर बसवले जात, आणि आजही जुन्या गाड्या जपणारे लोक ते शोधत असतात. त्या व्हायझरची बांधणी बघण्यासारखी आहे. दोन्ही टोकं दारांवरच्या पन्हळीला क्लॅम्पने पकडलेली आणि मधला आधार दोन काचांमधल्या पट्टीला. टपाचा पत्रा मोकळाच राहत असे. सत्तर-पंचाहत्तर वर्षांनंतरही असे व्हायझर काढले तर खाली टप शाबूत असू शकतो, त्याचं कारण या बांधणीत आहे.

आता मूळ मुद्दा, वाऱ्याचा. गॅरेजमध्ये व्हायझर हातात घेतला की तो दोन-अडीच किलोचा भरतो, आणि ‘एवढ्याशा वजनाला चार स्क्रू पुष्कळ झाले’ असं सहज म्हटलं जातं. पण व्हायझरचं खरं ओझं गाडी उभी असताना दिसतच नाही. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट तर दाब चौपट. ताशी ६० किलोमीटरला एका चौरस मीटरवर तो सुमारे १७ किलो असतो, ८० ला ३० किलो आणि १०० ला ४७ किलो. पाच फूट लांब आणि आठ इंच रुंद व्हायझर म्हणजे ०.३ चौरस मीटर. वारा पूर्ण अंगावर घेतला तर त्यावर ६० ला पाच किलो, ८० ला नऊ आणि १०० ला चौदा किलो जोर येतो. समोरून ३० च्या वेगाने वारा वाहत असेल आणि गाडी ८० ने चालली असेल, तर व्हायझरच्या लेखी गाडी ११० ने चालली आहे, आणि जोर सतरा किलो. व्हायझर थोडा कललेला असतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा काहीसा कमी भरेल, पण बांधणी करताना वरचा आकडाच धरायला हवा. डिझेलचाही हिशोब याच आकड्यांतून निघतो. ८० च्या वेगाला नऊ किलोचा अडथळा म्हणजे इंजिनावर जवळपास दोन किलोवॅटचा भार, आणि शंभर किलोमीटरला जास्तीत जास्त पाऊण लिटरच्या आसपास जादा डिझेल. गावातल्या गावात चालणाऱ्या गाडीला हे जाणवणारही नाही. रोज हायवेवर दोनशे किलोमीटर तुडवणाऱ्याने मात्र व्हायझर घेण्याआधी हा हिशोब एकदा मांडून बघावा.

हा जोर येतो कुठून कुठे, हे त्याहून महत्त्वाचं. काच तिरकी असते, त्यामुळे समोरून आदळलेला वारा काचेवरून वर चढतो आणि व्हायझरच्या पोटात शिरतो. तो व्हायझरला मागे ढकलतो आणि त्याहून जास्त वर उचलतो. व्हायझर खाली पडेल या भीतीने लोक स्क्रू पक्के करतात, आणि तो प्रत्यक्षात वर उडायला बघत असतो. त्यात तरफेचं गणित येतं. टपावर बसणारी पट्टी जेमतेम दीड-दोन इंच रुंद, तिच्या मध्यावर स्क्रू, आणि वाऱ्याचा जोर पट्टीच्या पुढे चार इंचांवर. पट्टी तिच्या मागच्या कडेवर टेकून उचलली जाते आणि स्क्रूंवर येणारी ओढ मूळ जोराच्या सहा-सात पट होते. नऊ किलोचे साठ किलो होतात. चार स्क्रूंमध्ये वाटले तर प्रत्येकी पंधरा. आता तो स्क्रू धरलाय कशाने ते पाहू. टपाचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो. नेहमीच्या सेल्फ स्क्रूच्या दोन आट्यांमधलं अंतर सुमारे दीड मिलिमीटर. म्हणजे पत्र्यात पूर्ण एक आटाही बसत नाही. अर्ध्या आट्याने पत्र्याची कड पकडलेली असते, तेवढीच. पंधरा किलोने तो एका फेरीत उपटून येणार नाही, हे मी मान्य करतो. पण वारा एकसारखा लागत नाही. प्रत्येक ट्रक समोरून गेला की एक झटका, प्रत्येक खड्ड्याला एक झटका, आणि मधल्या वेळात व्हायझरची सततची थरथर. भोकाच्या कडेला पत्र्यावरचा ताण आजूबाजूच्या पत्र्यापेक्षा जवळपास तिप्पट असतो. तिथूनच बारीक केसासारखी चीर निघते आणि ती स्क्रूच्या डोक्याखाली लपलेली असल्याने कुणाला दिसत नाही. पॉप रिपीटला आटे नसतात, त्यामुळे तो थोडा जास्त टिकतो. पण भोक त्यालाही लागतंच.

आणि मग पाणी. टपाची पुढची कड म्हणजे एकच पत्रा नसतो. काचेच्या वर बाहेरचा आणि आतला असे दोन पत्रे जोडून पेटीसारखी पोकळी केलेली असते, केबिनचा पुढचा भाग ती तोलून धरते. ड्रिल मारलं की लोखंडाचा कीस या पोकळीत पडतो. तो बाहेर काढायला वाट नसते, आणि पहिल्याच पावसाळ्यात तो गंजायला लागतो. भोकाची कड उघड्या लोखंडाची असते, तिच्यावर रंग नाही की प्रायमर नाही. सिलिकॉन वरून फासलेलं असतं, कडेला ते पोचलेलं नसतं. त्यातही बाजारात सहज मिळणारं, लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, आणि उघड्या लोखंडाला गंज चढवायला ते मदतच करतं. काच आणि फरशीसाठी ते ठीक, गाडीच्या पत्र्यासाठी नाही. व्हायझर थरथरत असल्याने हा लेप दोन-तीन उन्हाळ्यांत कडेने सुटतो, आणि सुटलेल्या लेपाखाली पाणी केशाकर्षणाने आत ओढलं जातं. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, महाबळेश्वरच्या माथ्यावर पाच हजारांच्या वर. तिथे एवढी फट भरपूर झाली. आत शिरलेलं पाणी खाली ठिबकलं तर निदान कळलं तरी असतं. बहुतेक वेळा ते अस्तरात मुरतं. असा स्क्रू एखाद्या जुन्या गाडीचा काढून पाहावा. डोकं चकचकीत असतं, खालचे दोन आटे तपकिरी होऊन बारीक झालेले असतात. भोक गोल राहिलेलं नसतं, पुढे-मागे लांबट झालेलं असतं, आणि त्याच्याभोवती एक रुपयाच्या नाण्याएवढा रंग फुगून आलेला असतो. तो नखाने उचलला तर खाली पापुद्रे निघतात. आत बघितलं तर अस्तरावर आरशाच्या वरच्या बाजूला चहा सांडल्यासारखा डाग. डाग दिसतो तेव्हा पोकळीच्या आत गंज बराच पुढे गेलेला असतो, आणि तिथे ना ब्रश पोचतो ना वेल्डिंगची कांडी.

यावर एक रास्त आक्षेप येतो: मोठ्या ट्रकांना कंपनीच व्हायझर देते आणि तो बोल्टनेच बसवलेला असतो, मग पिकअपला का नको? फरक भोक कधी पडलं यात आहे. कारखान्यात ती भोकं पत्रा घडवतानाच पडतात. त्यांच्या मागे जाड पट्टी किंवा वेल्ड केलेला नट असतो, म्हणून बोल्टला पाच-सात आट्यांची पकड मिळते. त्यानंतर अख्खी केबिन प्रायमरच्या हौदात बुडवली जाते, भोकाची कडही आतूनबाहेरून झाकली जाते, आणि मग रंग चढतो. पंधरा वर्षांच्या पिकअपच्या टपावर रस्त्याकडेला मारलेल्या भोकाला यातलं काहीच मिळत नाही. एखाद्या गाडीला कंपनीनेच अशा जागा दिलेल्या असतील, रबरी बुच लावून ठेवलेल्या, तर त्या जरूर वापराव्यात. माझा विरोध बोल्टला नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे आणि तो मनापासून येतो. गाडी जुनी, किंमत उतरलेली, सगळीकडे खरचटलेली. दोन भोकांनी असं काय बिघडणार? मला वाटतं, जुन्या गाडीबाबत हा विचार अगदी उलट करायला हवा. नव्या गाडीचा पत्रा बदलून मिळतो, जुन्या मॉडेलचा टप भंगारवाल्याकडे शोधावा लागतो. नव्या गाडीच्या पत्र्यावरचा लेप शाबूत असतो, जुन्याचा झिजलेला, म्हणून गंज लागला की धावतो. शिवाय ज्याची रोजीरोटी त्या गाडीवर आहे त्याला टपाच्या डेंटिंग-पेंटिंगसाठी गाडी चार-सहा दिवस उभी ठेवणं परवडत नाही. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की तिचं फिटनेस दर वर्षी करावं लागतं. गळकी, गंजलेली केबिन घेऊन दर वर्षी तपासणीला उभं राहणं काय असतं ते पिकअपवाल्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. जुनी गाडी म्हणून हयगय करण्याऐवजी, जुनी आहे म्हणूनच तिला नवी जखम करू नये.

तर मग बसवायचं कुठे? बहुतेक जुन्या पिकअपना दारांच्या वर पावसाचं पाणी वाहून नेणारी पन्हळ असते. गॅरेजमध्ये तिला गटर म्हणतात. बाहेरचा आणि आतला पत्रा जिथे एकमेकांना वेल्ड केलेला असतो तीच ही कड. म्हणून तिथे पत्र्याची जाडी दुप्पट-तिप्पट असते आणि ओठ वर वळलेला असतो. जीपसारख्या गाड्यांचे कॅरिअर याच पन्हळीला धरून मणभर सामान वाहतात. इंग्रजी ‘सी’च्या आकाराची तीन मिलिमीटर जाड पट्टी या ओठाला खालून धरते आणि वरून बोल्ट तिला आवळतो. वारा व्हायझर वर उचलायला गेला की पट्टीचा खालचा दात ओठात आणखी घट्ट बसतो, म्हणजे जोराची दिशाच पकडीच्या बाजूने काम करते. स्क्रूच्या बाबतीत नेमकं याच्या उलट होतं, आणि माझ्या सगळ्या म्हणण्याचं मूळ या फरकात आहे. क्लॅम्प दोन्ही बाजूंना एकेक पुरत नाही, दोन-दोन हवेत, आणि त्यांच्यात किमान सहा इंच अंतर हवं. म्हणजे वर सांगितलेली तरफ दीड इंचावर न टेकता सहा इंचांवर टेकते आणि ओढ आपोआप पाव होते. क्लॅम्प आणि पन्हळ यांच्यामध्ये दोन मिलिमीटर जाड कडक रबराचा तुकडा घालावा. कापड किंवा फोम घालू नये. ते पाणी धरून ठेवतं आणि रंगाखाली गंज आणतं. पट्टीने पन्हळीतला पाण्याचा रस्ता अडणार नाही आणि दार पूर्ण उघडल्यावर त्याची वरची कड बोल्टला घासणार नाही, या दोन गोष्टी आवळण्याआधीच तपासाव्यात.

पण पन्हळही आधी पारखून घ्यावी लागते, कारण जुन्या गाडीत गंजाची सुरुवात अनेकदा तिथूनच झालेली असते. पन्हळीच्या तळाशी एक भरणी असते, पत्र्यांचा सांधा बंद करणारी. ती अंगठ्याने दाबत दाबत पुढून मागे जावं. चांगली भरणी रबरासारखी दबते आणि परत येते. कुठे ती कडक होऊन तडकलेली असेल, दाबल्यावर करकर वाजत असेल किंवा कडेने उचलून येत असेल, तर खाली पाणी गेलेलं आहे असं समजावं. अशी भरणी बोथट पात्याने खरवडून काढावी, गंज घासून लोखंड उघडं करावं, झिंकचा प्रायमर लावावा, आणि वरून गाडीच्या सांध्यांसाठी मिळणारं पॉलियुरेथेनचं सीलंट भरावं. या कामाला एक दिवस लागतो. व्हायझर बसवायचा नसता तरी ते करायला हवंच होतं, म्हणून तो दिवस वाया गेला असं मी मानत नाही. पन्हळीचा ओठच खाल्ला गेला असेल, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोकल्यावर भुसकट झडत असेल, तर त्या गाडीवर बाहेरचा व्हायझर बसवायचा नाद तूर्त सोडावा, आधी डेंटरकडून पन्हळ करून घ्यावी.

मधल्या आधाराचा प्रश्न खरा अवघड आहे. जुन्या शेवरलेला काचांमध्ये पट्टी होती. आपल्या पिकअपची काच अखंड. पाच फुटांचा व्हायझर दोन टोकांवर धरला तर मध्ये तो थरथरणारच. इथे बरेच जण काचेच्या रबरात पट्टी खुपसतात. तसं कधीही करू नये, कारण काच त्या एका बिंदूवर ताण घेते आणि खड्ड्यात गाडी आदळली की तडकते. माझ्या मते पहिला उपाय व्हायझरच्याच अंगात ताठपणा आणण्याचा आहे: त्याच्या मागच्या कडेला आतून वीस मिलिमीटरचा चौकोनी ॲल्युमिनियमचा पाइप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडायचा आणि क्लॅम्प त्या पाइपला धरायचे. कोकणात, समुद्राजवळ, ॲल्युमिनियम आणि लोखंड यांचा थेट स्पर्श होऊ देऊ नये. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम पांढरं पडून झिजतं, म्हणून मध्ये रबर किंवा नायलॉनचा वॉशर हवा. त्यावरही मध्ये थरथर राहिली तर टपावर दोन इंच बाय दोन इंचाचा टेकू चांगल्या प्रतीच्या ॲक्रिलिक फोमच्या दुहेरी टेपने चिकटवावा. या टेपला पूर्ण पकड यायला साधारण बहात्तर तास लागतात, तेवढा वेळ गाडी धुऊ नये आणि पावसातही काढू नये. टेकूने फक्त थरथर मारायची आहे. भार क्लॅम्पनेच घ्यायचा. आणखी एक गोष्ट: व्हायझरची मागची कड टपाला चिकटवून बसवू नये, इंचभर फट ठेवावी. पोटात शिरलेल्या वाऱ्याला त्या फटीतून निघून जायला वाट मिळते, जोर उतरतो आणि हायवेवरची शिट्टीही बरीच कमी होते.

क्लॅम्प सैल होतात आणि व्हायझर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या अंगावर जाऊ शकतो, हा आक्षेप मी सगळ्यांत गंभीर मानतो, कारण त्यात दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे. क्लॅम्प सैल होतात हे खरंच आहे. म्हणून साधे नट वापरू नयेत, नायलॉक नट वापरावेत. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर एकदा आवळावेत, मग दर वेळी ऑइल बदलताना. शिवाय प्रत्येक बाजूला एक बारीक पोलादी केबल व्हायझरच्या पाइपमधून ओवून पन्हळीच्या दुसऱ्या क्लॅम्पला बांधावी, म्हणजे एक क्लॅम्प सुटला तरी व्हायझर गाडीलाच लटकून राहील. पण तुलना करताना हेही बघावं की सैल झालेला क्लॅम्प आधी खडखडतो, हाताने हलवून कळतो आणि पाना लावला की नीट होतो. चिरलेला पत्रा यातलं काही करत नाही. स्क्रू घट्ट असतो, व्हायझर हलवला तर हलत नाही, आणि एक दिवस पत्र्याच्या तुकड्यासकट निघून जातो. दोन्हींत धोका आहे, पण एक धोका रोज सकाळी हात लावून तपासता येतो.

कायद्याबद्दल थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने नोंदवलेल्या रचनेत बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून बसवण्याआधी आपल्या आरटीओत विचारून घेणं शहाणपणाचं. व्हायझरच्या कडा गोल आणि रबराने मढवलेल्या असाव्यात, तो गाडीच्या रुंदीबाहेर येऊ नये. हरकत आलीच तर क्लॅम्पवरचा व्हायझर दोन पान्यांनी दहा मिनिटांत उतरतो आणि टप जसा होता तसा दिसतो. ‘त्यापेक्षा काचेवर काळी फिल्म लावू’ असं कुणी सुचवलं तर तो रस्ता धरू नये. समोरच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आला पाहिजे असा नियम आहे, आणि काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंदी घातली. रात्री, पावसात, दिवे नसलेल्या बैलगाडीच्या मागे जाताना तो काळोख चालकाच्याच मुळावर येतो. व्हायझर काचेच्या बाहेर आणि वर राहतो, काच मोकळी ठेवतो. मात्र तो वरचं दृश्यही थोडं कापतो. चौकात अगदी थांबरेषेवर गाडी उभी केली की डोक्यावर टांगलेला सिग्नल दिसेनासा होतो. अमेरिकेत याच अडचणीपायी डॅशबोर्डवर बसवायचा एक छोटा खाचांचा लोलक निघाला होता, त्यात वरचा सिग्नल दिसे. आपल्याला तो मिळो न मिळो, थांबरेषेच्या पाच-सात फूट मागे थांबलं की काम होतं. व्हायझर किती खाली झुकवायचा हे ठरवताना चालकाने सीटवर बसूनच, रोजच्या बसण्याने, समोरचा सिग्नल बघून ठरवावं; बाहेर उभं राहून, दिसायला कसा वाटतो यावरून नाही.

ज्यांच्या टपाला भोकं पडून गेली आहेत त्यांनी ती तशीच ठेवून वरून आणखी सिलिकॉन फासू नये. व्हायझर उतरवावा, कोरड्या दिवसात जुना लेप खरवडून काढावा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने भोकाच्या कडेचा पत्रा दाबून बघावा. कड टणक असेल तर गंज घासून, झिंक प्रायमर लावून, आतून-बाहेरून पॉलियुरेथेन सीलंटने भोक बुजवता येतं. कड मऊ लागली तर डेंटरकडून तेवढा पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करून घ्यावा. नुसती लांबी भरून रंग मारला तर ती टपाच्या थरथरीने वर्षभरात निखळते. वेल्डिंगआधी अस्तर खाली ओढून बाजूला करायला सांगावं, नाही तर ते पेट घेतं. आतल्या दिव्याची वायरही तिथूनच जाते, तीही सोडवून घ्यावी. काम झालं की मधल्या पोकळीत गंजरोधक मेणाचा फवारा, कंपनीने ठेवलेल्या एखाद्या भोकातून बारीक नळी घालून, दोन्ही टोकांपर्यंत मारून घ्यावा आणि गाडी एक रात्र नाक थोडं खाली करून उतारावर उभी ठेवावी, म्हणजे मेण पोकळीच्या पुढच्या सांध्यात जाऊन बसतं. पहिल्या मोठ्या पावसानंतर अस्तराच्या पुढच्या कडेला कोरडा टिश्यू पेपर लावून दाबून बघावा. तो कोरडा निघाला की मग क्लॅम्प आणायला जावं.